हिरव्या चिंधीचा पेनड्राइव्ह

"मास्तरीणबाई, तुमचा हात आता मंदावला," मालक म्हणाले आणि वर हसले. हसत म्हटलं की बोलणं मऊ होतं, अशी त्यांची समजूत असावी. मास्तरीणबाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि हे म्हणावं कुठे? चारचौघांत! कटिंगच्या लांबलचक टेबलापाशी. एका टोकाला कटिंगमास्तर कापडाचे थर लावत होते, दुसऱ्या टोकाला पॅकिंगच्या बायका शर्टांच्या घड्या घालत होत्या, आणि पलीकडची शिलाई मशिनींची रांग नेमकी त्याच वेळी धागा बदलायला थांबलेली. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या मशिनी असल्या वेळी बरोबर कशा गप्प बसतात, देव जाणे. सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं.

"नर्सच्या कोटांचे पॅटर्न केव्हाच हवे होते," मालक पुढे म्हणाले. "त्यामागून शाळेच्या गणवेशाचं काम येतंय. हे असंच रखडलं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तुम्हाला काढत नाही हो मी! पॅकिंगला बसा. आरामाचं काम आहे."

आरामाचं काम म्हणे! मास्तरीणबाई या कारखान्यात आल्या त्या काजबटणाला. तिथून कटिंगच्या टेबलापर्यंत त्या स्वतःच्या हिमतीवर पोचल्या. कटिंगमास्तरांनी शिकवलं खरं, पण आधी हजारदा नाक मुरडून, मग शिकवलं. बायकांनी मोठी कात्री धरायची नाही असा त्या टेबलाचा रिवाज होता, तो यांनी मोडला, आणि तेव्हापासून नाव पडलं मास्तरीणबाई. पुढे कॉम्प्युटर आला. पॅटर्न कागदावर न काढता पडद्यावर काढायचे, त्यांची लहानमोठी मापं करायची आणि कापडावर कसे बसवायचे तेही तिथेच बेतायचं. कटिंगमास्तरांनी त्या खोक्याला लांबूनच हात जोडले. मास्तरीणबाई बसल्या आणि शिकल्या. काचेच्या आडोशाची ती कोपऱ्यातली जागा तेव्हापासून त्यांची. तिथली खुर्ची, खुर्चीवरची उशी, खिडकीतला पाण्याचा गडू, सगळं त्यांचं.

"हात नाही मंदावला, मालक," त्या म्हणाल्या. "तुमचं ते खोकं मंदावलंय. बाहीवर क्लिक केलं की गोल गोल फिरत बसतं. मी उठून पाणी पिऊन येते तरी त्याचं फिरणं चालूच."

"आता मशीनला नावं ठेवायची का?" मालक म्हणाले, आणि पॅकिंगच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं.

त्या हसण्याने घात केला. घरी जाईपर्यंत मास्तरीणबाई स्वतःशीच भांडत होत्या. घरी जाऊन त्यांनी जुनी वर्तमानपत्रं काढली, जमिनीवर पसरली, आणि खडूने मुंढे काढायला बसल्या. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडायची तो बगलेचा गोल बाक. शर्टात सगळ्यात अवघड काय, तर तो. एक काढला, कापला. दुसरा काढला, कापला.

त्यांचा नवरा माल पोचवायची गाडी चालवायचा. तो हात धुऊन येऊन दारात उभा राहिला. "अगं, वर्तमानपत्राचे शर्ट कोण घालणार आहे?"

"माझा हात बघतेय."

"काय झालं हाताला?"

"मंदावलाय म्हणे."

नवऱ्याने मालकाच्या अकलेबद्दल जे काही सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मास्तरीणबाईंना त्याने बरं वाटलं, पण पुरतं नाही. कारण खरी गोष्ट अशी, की त्या घाबरल्या होत्या. मशीन रखडतंय हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. तरीही सकाळपासून त्या एका शब्दाने मनात घर केलं होतं. खरंच मंदावला असेल तर? रोज थोडा थोडा मंदावला असेल आणि आपल्याला कळलंच नसेल तर? जागा गेली तर गेली, असं त्यांना एकवेळ म्हणता आलं असतं. पण हात गेला, असं त्या कसं म्हणणार होत्या?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांच्या मागे लागून दुरुस्तीवाल्याला बोलावून घेतलं. त्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, धूळ उडवली, आत डोकावून तोंड वाकडं केलं. "मेमरी अपुरी आहे, आणि वाढवायला जागा नाही. डिस्क म्हातारी झालीय. ती बदला, मशीन पळेल."

"डिस्कला हात लावायचा नाही!" मालक दारातूनच ओरडले. "पॅटर्नचा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर आहे. बसवून देणारे गाशा गुंडाळून गेलेत. तो उडाला तर मी काय करू?"

"नवीन मशीन?"

मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने आपणच झाकण लावायला घेतलं. स्क्रू पिळता पिळता तो मास्तरीणबाईंना म्हणाला, "मग एकच उपाय उरतो. एक चांगला वेगवान पेनड्राइव्ह घ्या आणि मागे लावून ठेवा. या कॉम्प्युटरमध्ये तशी सोय आहे. सारख्या लागणाऱ्या वस्तू तो पेनड्राइव्हवर हाताशी ठेवतो. दर वेळी म्हाताऱ्या डिस्ककडे धाव घ्यायला नको. विमान नाही होणार, पण एवढं रखडणारही नाही. मात्र वेगवान घ्या. कुठलाही चालत नाही."

"मालक, घेऊ का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"घ्या की! तुमचा तुम्ही घ्या," मालक म्हणाले. "कटिंगवाले कात्री स्वतःची आणतात ना? हत्यार ज्याचं त्याचं."

म्हणजे मशीन यांचं, काम यांचं, आणि ते चालावं म्हणून लागणारी वस्तू मात्र आपली! बरं, बोलायची सोय नव्हती. कारण तो नियम कारखान्याचाच होता. फार पूर्वी कुणीतरी कटिंगमास्तरांच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. धार गेली, कापड कुरतडलं गेलं, एक अख्खा थर वाया गेला. तेव्हा मालकांनी स्वतः रंगाचा डबा आणून कटिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर लिहिलं होतं, "कात्री ज्याची त्यानेच वापरावी. दुसऱ्याच्या कात्रीला हात लावू नये." तेव्हापासून प्रत्येकाने आपापल्या कात्रीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. मास्तरीणबाईंची हिरवी. टेबल बदललं, सुट्टीवर गेलं, नुसतं जेवायला उठलं तरी माणूस आपली कात्री घेऊनच उठायचा.

सुट्टीच्या दिवशी मास्तरीणबाई नवऱ्याला घेऊन बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गेल्या. काचेची दारं, आत गारेगार हवा, आणि टाय लावलेला विक्रेता.

"बोला आजी, गाणी भरून हवीत का?"

"मी तुमची आजी नाही आणि मला गाणी नकोत. कॉम्प्युटर पळवायला वेगवान पेनड्राइव्ह हवाय."

"मग हा घ्या!" त्याने चकचकीत पाकीट पुढे केलं. त्यावर पिवळीधमक वीज कडाडत होती आणि खाली केवढाले आकडे. "सगळ्यात मोठा, सगळ्यात वेगवान. अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"मला सिनेमा नाही बघायचा. सारखं बारीकसारीक लागतं, ते पटापट मिळालं पाहिजे."

"आजी, वेग तो वेग! मोठा आकडा म्हणजे मोठा वेग."

नवऱ्याने कोपर मारलं, पण त्या विजेवर मास्तरीणबाई भुलल्या. घेतला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन लावला. कॉम्प्युटरने तो तपासला, बराच वेळ गोल गोल फिरला आणि सरळ सांगून मोकळा झाला, की हा पेनड्राइव्ह वेग वाढवायच्या कामाचा नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. संध्याकाळी त्या तडक दुकानात.

"पाकीट फोडलंत. आता परत घेता येत नाही," टायवाला म्हणाला.

"न फोडता कळणार कसं? वास घेऊन?"

"आणि तुमचं मशीनच जुनं असेल, आजी. जुन्या माणसांचं तसंच जुन्या मशीनचं."

झालं! मास्तरीणबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "वीज कुठेय यातली?" त्यांनी ते पाकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "दाखवा मला वीज! चित्र काढायला काय जातं? उद्या मी शर्टाच्या खोक्यावर कोटाचं चित्र काढते आणि देते तुम्हाला, घालाल? आणि आजी कुणाला म्हणता हो ऊठसूट? गिऱ्हाईकाच्या गळ्यात वाटेल ते मारायचं आणि वर वय काढायचं, हे शिकवलं का तुम्हाला टाय बांधायला शिकवताना?" रांगेतल्या एका गृहस्थाने हातातलं विजेचं पाकीट हळूच फळीवर परत ठेवलं. पेनड्राइव्ह काही परत घेतला गेला नाही, पण मास्तरीणबाईंच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं.

"त्यात घरातले फोटो ठेवू," बाहेर आल्यावर नवरा समजुतीने म्हणाला. "विजेच्या प्रकाशात सगळे छान दिसू."

"तुम्ही गप्प बसा हो जरा."

त्यानेच मग दुसरं दुकान सांगितलं. त्याच्या गाडीचा रेडिओ तिथे दुरुस्त व्हायचा. गल्लीतलं अरुंद दुकान, वायरींच्या वेटोळ्यांनी भरलेलं, आणि उंच स्टुलावर बसलेली, पायात जाड मोजे घातलेली दुकानदारीण. तिने ना आजी म्हटलं ना मावशी. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कशासाठी हवाय?"

मास्तरीणबाईंनी सांगितलं. मशीन, डिस्क, बाही, गोल गोल फिरणं, सगळं.

"मग पाकिटावरचा आकडा विसरा," ती म्हणाली. "तो आकडा एक मोठी थोरली फाइल एका दमात नेतानाचा असतो. तुम्हाला हवं वेगळंच."

"म्हणजे गोदामातून कापडाचा अख्खा तागा आणायचा वेग आहे तो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि मला हवं ते एकेक बटण. या रंगाचं दे, त्या मापाचं दे, असं मागितल्याबरोबर हातात ठेवणारं कुणीतरी."

दुकानदारीण खूश झाली. "आता मी हेच सांगणार सगळ्यांना." तिने पाकिटं फोडून दोनचार पेनड्राइव्ह आपल्याच कॉम्प्युटरला लावून पाहिले. बारक्या बारक्या फायलींचा ढीग कुठला पटकन देतो आणि कुठला चघळत बसतो, ते दोघींनी पडद्यावर बघितलं. मोठमोठ्या नावाचे दोन मागे पडले. जिंकला तो एक आखूड, काळा, दिसायला अगदीच गरीब. त्याच्यावर वीज नव्हती, काहीच नव्हतं.

"याच्याहून मोठा नको?"

"काय करायचाय? तुमच्या मशीनला एवढा भरपूर झाला. मागच्या बाजूला लावा, पुढची भोकं सैल असतात. आणि एकदा लावलात की काढू नका. तुम्हाला रोज काय लागतं ते त्याच्यावर हळूहळू साठत जातं. पहिल्या दिवशी फार अपेक्षा नको. आणि नाहीच चालला तर आणून द्या, मी कुठे पळून जात नाही."

मास्तरीणबाईंनी तो मागे लावला. कॉम्प्युटरने तपासला आणि या वेळी मुकाट्याने घेतला. हिरव्या चिंधीची एक पट्टी फाडून त्यांनी पेनड्राइव्हच्या कडीत ओवली आणि गाठ मारली. हत्यार आपलं, तर खूणही आपली.

पहिल्या दिवशी फरक जेमतेम. पण पुढे तो दिसू लागला. प्रोग्रॅम उघडायला लावला की गडूकडे हात जाईपर्यंत उघडलेला असायचा. बाही मागितली की बाही यायची. कॉलर, खिसा, पट्टी, एका मापावरून दुसऱ्या मापावर. मध्येच एखाद्या वेळी अडायचा, नाही असं नाही, पण ते अडणं माणसासारखं होतं, दम खाऊन पुन्हा चालणारं. नर्सचे कोट निघाले. शाळेचे शर्ट निघाले, पाठोपाठ चड्ड्या. कटिंगमास्तरांना कापड पसरायला वेळ पुरेना. "अहो मास्तरीणबाई, जरा श्वास घेऊ द्या म्हाताऱ्याला," ते काचेवर टकटक करून म्हणाले. एवढी शाबासकी त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकली नव्हती. मास्तरीणबाई त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत गेल्या.

आता मालक काहीतरी बोलतील, असं त्यांना वाटत होतं. फार नाही, एखादा शब्द. ज्या टेबलापाशी तो शब्द बोलले, तिथेच उभं राहून दुसरा.

मालक आले. काचेच्या आडोशात उभे राहिले, पडद्याकडे बघत राहिले. पॅटर्न झरझर कापडावर बसत होते. मालकांचे डोळे चमकले.

"अरे वा!" ते म्हणाले. "मशीन काय पळायला लागलंय!"

आणि दुसऱ्या दिवशी मेहुणेबुवा हजर झाले. मेहुणेबुवा म्हणजे मालकांच्या बायकोचे धाकटे भाऊ. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीवर बॅग. आतापर्यंत त्यांनी बरेच धंदे करून पाहिले होते आणि प्रत्येक धंद्याने त्यांना करून पाहिलं होतं.

"मास्तरीणबाई," मालक मऊ आवाजात म्हणाले, पुन्हा तेच हसू, "आता मशीनच एवढं पळतंय की कुणीही बसलं तरी चालेल. तुम्ही फार ओढलंत. याला एक दिवस दाखवा आणि उद्यापासून पॅकिंगला बसा."

मास्तरीणबाई खुर्चीतून ताडकन उठल्या. शब्द सगळे एकदम सुचले. "वा रे वा! मशीन रखडत होतं तेव्हा माझा हात मंदावला होता, आणि पळायला लागलं तेव्हा मशीन पळतंय! म्हणजे वाईट झालं की माझं, चांगलं झालं की खोक्याचं? गणवेशांचे मुंढे त्या मशीनने काढले का? ते नुसतं माझ्या आड यायचं थांबलंय, मालक! हात तोच आहे, तेव्हाही तोच होता!"

"आवाज चढवू नका," मालक म्हणाले. "माझा निर्णय झालाय."

"चालायचंच, मावशी," मेहुणेबुवा म्हणाले.

मास्तरीणबाईंनी आवाज खरंच खाली आणला. त्यांनी मेहुणेबुवांना दिवसभर सगळं दाखवलं, एक अक्षर न लपवता. कामाने त्यांचं काय वाकडं केलं होतं? संध्याकाळी त्यांनी चालू पॅटर्न नीट साठवला आणि कॉम्प्युटर रीतसर बंद केला. ड्रॉवरमधून आपली हिरव्या चिंधीची कात्री घेतली, टेप घेतला, खडू घेतला, खुर्चीवरची उशी बगलेत मारली. मग मशीनच्या मागे हात घालून हिरव्या चिंधीचा पेनड्राइव्ह उपटला आणि एप्रनच्या खिशात टाकला. उठताना माणूस आपली कात्री घेऊन उठतो.

सकाळी त्या पॅकिंगला बसल्या. शर्ट पसरायचा, बाह्या मागे, पुठ्ठा, घडी, टाचणी, पिशवी. रागाने म्हणा, कशाने म्हणा, हात चालू लागला. शेजारची बाई अवाक होऊन बघत राहिली. "अहो बाई, जरा दमानं! तुम्ही अशा घड्या घातल्यात तर आमची इथे काय इज्जत राहील?" ही तीच, त्या दिवशी फिसकन हसलेली. मास्तरीणबाईंनी खाली पाहिलं. पुढ्यात घड्यांची चळत लागली होती आणि हात आपोआप पुढच्या शर्टाकडे गेला होता. त्या बघतच राहिल्या. ज्या भीतीने वर्तमानपत्रं कापायला लावली होती, ती भीती त्या चळतीखाली कुठेतरी चेपून गेली. डोळे भरून आले, म्हणून त्यांनी उगाच टाचणी शोधली.

काचेच्या आडोशात मेहुणेबुवा मशीनसमोर बसले होते आणि मशीन गोल गोल फिरत होतं. त्यांनी टिचक्या मारल्या, फुंकर मारली, शेवटी खोक्यावर थाप मारली. मग दारात येऊन ओरडले, "मावशी! काय करून ठेवलंत याला?"

मालक धावत आले. मागे वाकून बघितलं, आणि पॅकिंगच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "इथे काहीतरी लावलेलं होतं. ते कुठाय?"

"माझी कात्री मी घेऊन आले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कात्री काय? पेनड्राइव्ह होता तो! मशीनचा भाग झाला तो. द्या इकडे."

कटिंगमास्तर कापड पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही, नुसता खडू भिंतीकडे केला. "मालक, अक्षर तुमचंच आहे."

मालकांनी भिंतीकडे पाहिलं. रंग उडाला होता, पण वाचता येत होतं. "ठीक आहे!" ते गरजले. "बाजारात काय एकच पेनड्राइव्ह आहे? मी आणतो!" आणि ताडताड निघून गेले.

परत आले ते हातात पाकीट नाचवत. लांबूनच मास्तरीणबाईंना ती पिवळीधमक वीज ओळखू आली. सांगावं की न सांगावं? जीभ वळवळली. पण त्यांनी टाचणी दातांत धरली आणि मूग गिळून घडी घातली. आकडा भलताच मोठा होता, टायवाल्याने चांगलंच गिऱ्हाईक गाठलं होतं. मेहुणेबुवांनी तो लावला. मशीनने तपासला आणि नाकारला. काढून लावला, पुन्हा नाकारला. "पाकीट फोडलंय म्हणून परत घेत नाहीत," असं मालक फोनवर कुणाला तरी सांगताना सगळ्यांनी ऐकलं.

तोवर गणवेशाच्या उरलेल्या मापांचं कापड नुसतं पसरून पडलं होतं. रखडत्या मशीनवर नवख्या मेहुणेबुवांच्या हातून पॅटर्न निघेना, तर कटिंगमास्तर कापणार काय? कात्र्या गप्प, मागोमाग एकेक शिलाई मशीन गप्प होऊ लागली. शाळेकडून दोनदा विचारणा झाली. शेवटी मालक पॅकिंगच्या टेबलाशी आले. हसले नाहीत.

"चला, बसा तुमच्या जागेवर," ते म्हणाले. "याला मी माल पोचवायच्या कामावर घालतो. झालं समाधान?"

"नाही."

"मग काय, पगाराचं म्हणताय का? बघू आपण पुढच्या—"

"पगाराचं नंतर बोलू. तुमचा शब्द परत घ्या."

"कुठला शब्द?"

मास्तरीणबाईंना वाटलं, हे सोंग घेतायत. पण मालकांच्या कपाळावर खरोखरीच्या आठ्या होत्या. ते आठवू पाहत होते, आणि त्यांना आठवत नव्हतं! ज्या शब्दाने या बाईची झोप उडवली, जमिनीवर बसवून कागद कापायला लावले, आपलाच हात परक्यासारखा न्याहाळायला लावला, तो शब्द हा माणूस बोलून विसरूनही गेला होता. राग येऊन येऊन किती यावा, तो आता गळ्याशी आला.

"माझा हात मंदावला म्हणालात," त्या म्हणाल्या. "इथेच. या सगळ्यांसमोर."

"हात्तिच्या! ते होय? सहज बोललो हो. त्यात एवढं काय मनावर घ्यायचं?"

"सहज बोललात ना? मग सहज परत घ्या."

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची द्यायला ते तयार होते, पगाराचीही तयारी दिसत होती, पण हे मात्र जिवावर आलं. ते मास्तरीणबाईंच्या जरा जवळ सरकले आणि ओठातल्या ओठात पुटपुटले, "बरं बाई, नव्हता मंदावला."

"ऐकू नाही आलं, मालक," मास्तरीणबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "वय झालं ना. कान मंदावले असतील."

कटिंगमास्तरांना ठसका लागला. आणि उरल्यासुरल्या शिलाई मशिनींचाही नेमका त्याच वेळी धागा संपला. एकजात सगळ्या थांबल्या.

"मास्तरीणबाईंचा हात मंदावला नव्हता!" मालक ओरडले. कान लालबुंद झाले होते. "मशीन मंद होतं! चूक माझी होती! आता तरी उठा!"

मास्तरीणबाईंनी हातातल्या शर्टाची घडी पुरी केली, टाचणी लावली, पिशवीत घातली. मग कात्री उचलली, उशी उचलली आणि काचेच्या आडोशात गेल्या. मेहुणेबुवा खुर्चीतून उठून बाजूला झाले. काहीतरी करावं म्हणून त्यांनी हात पुढे केला. "आणा मावशी, मी लावतो."

"हात लावायचा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "भिंतीवर काय लिहिलंय ते आधी वाचून या. आणि मला मावशी म्हणायचं नाही."

त्यांनी मागे हात घालून पेनड्राइव्ह लावला. तो आता पुन्हा पहिल्यापासून शिकणार होता, त्यामुळे मशीन जरा वेळ गोल गोल फिरत राहिलं. मास्तरीणबाईंनी खुर्चीवर उशी ठेवली, गडूतलं पाणी प्यायलं आणि त्याची वाट बघितली. पडद्यावर शर्ट उघडला. त्यांनी मुंढ्याचा बाक एका झटक्यात काढला, आणि तो पडद्यावर उमटेपर्यंत त्यांचा हात खिशाच्या पट्टीवर जाऊन थांबलासुद्धा होता.